कोर्ट राज्याचे, तुरुंग काउंटीचा, मग मधला रस्ता कोणाचा? केंटकीतील जेलरांच्या न्यायालयीन कामाबद्दल आणि वेतनाबद्दल खुले पत्र

प्रति,
केंटकी राज्याच्या विधिमंडळाचे सन्माननीय सदस्य
आणि राज्यातील सर्व काउंट्यांच्या फिस्कल कोर्टांचे सन्माननीय सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, फिस्कल कोर्टाची (काउंटीच्या खर्चाचे निर्णय घेणाऱ्या मंडळाची) मासिक बैठक झाली. जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या चार वर्षांच्या कार्यकाळासाठी जेलरचे वेतन आहे तेवढेच ठेवावे, असा ठराव त्या बैठकीत वाचला गेला. एका सदस्याने तो मांडला, दुसऱ्याने अनुमोदन दिले आणि कोणीही काही न विचारता तो मंजूर झाला. श्रोत्यांमध्ये आम्ही सहा जण होतो. नागरिकांच्या बोलण्याची वेळ आली तेव्हा मी उठून एवढेच विचारले, की हे वेतन नेमक्या कोणत्या कामासाठी आहे, ते काम किती तासांचे आहे आणि कैद्यांना न्यायालयात हजर करणाऱ्या डेप्युटींच्या, म्हणजे जेलरच्या हाताखालच्या माणसांच्या, वाट्याला काय येते. जेलर जेलरचेच काम करतात, असे उत्तर मला मिळाले. आमच्या काउंटीत तुरुंग नाही. तो बंद होऊन बारा वर्षे झाली. हे उत्तर ऐकून मुकाट्याने घरी जाणे मला जमले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी मूळची मिरजेची. वैद्यकीय शिक्षणही तिथलेच. ज्या भागात डॉक्टर टिकत नाहीत तिथे तीन वर्षे काम केल्यास परदेशी डॉक्टरांना या देशात राहता येते, त्या सवलतीखाली मी पूर्व केंटकीच्या डोंगराळ भागात आले आणि तीन वर्षांची जवळजवळ तीस झाली. आमचा तुरुंग चालू होता तोवर दर बुधवारी दुपारी मी तिथल्या कैद्यांना तपासायला जात असे. कोणाच्या दाढेत पू झालेला असे, कोणाला दारू सुटल्याची थरथर, कोणाचा रक्तदाब हाताबाहेर गेलेला. त्या खोलीत माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवणारा, औषधांच्या वेळा वहीत लिहून घेणारा आणि रात्री बेरात्री फोन करून "डॉक्टर, हा पोरगा बरा दिसत नाही" असे सांगणारा माणूस जेलर किंवा त्याचा डेप्युटी असे. या पदाबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि हे पत्र कोणा एका व्यक्तीविरुद्ध नाही.

या पत्राची इंग्रजी प्रत मी आमच्या फिस्कल कोर्टाच्या सदस्यांना आणि आमच्या भागाच्या आमदारांना दिली आहे. मराठीत ते अशासाठी, की या राज्यात आपली माणसे आहेत, मतदार आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक लेक्सिंग्टन आणि लुईव्हिल या दोन शहरांत राहतात. तिथला तुरुंग नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हाताखालचे खाते चालवते, त्यामुळे जेलर हा मतपेटीतून निवडला जातो हे त्यांच्या कानावरही आलेले नसते. येत्या नोव्हेंबरात ही निवडणूक आहे.

ज्यांना इथली रचना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. फिस्कल कोर्ट हे नावाचे कोर्ट आहे. प्रत्यक्षात ते काउंटीचे अंदाजपत्रक ठरवणारे मंडळ आहे, आपल्या जिल्हा परिषदेसारखे. तिथे निवाडे होत नाहीत. १८९१ च्या राज्यघटनेच्या ९९ व्या कलमाने प्रत्येक काउंटीत शेरीफबरोबर (काउंटीचा पोलीसप्रमुख) एक जेलरही चार वर्षांसाठी निवडून द्यावा असे ठरवले, आणि तुरुंगाधिकारी असा निवडून देणारे केंटकी हे देशातले एकमेव राज्य आहे. उमेदवाराचे वय २४ वर्षे असावे आणि तो ठरावीक काळ इथे राहिलेला असावा, एवढ्याच अटी आहेत. ऐंशीच्या दशकाच्या आरंभापर्यंत जेलरचे उत्पन्न शुल्कावर चाले. कैद्याच्या जेवणामागे अमुक, कामामागे तमुक. मग कायदा बदलला, तुरुंगाचा खर्च काउंटीच्या अंदाजपत्रकात आला, तुरुंगांना किमान दर्जाचे नियम लागू झाले, आणि छोट्या, गरीब काउंट्यांना ते पेलवेनात म्हणून एकेक तुरुंग बंद होत गेला. तुरुंग गेले, पद राहिले. २०१५ साली इथल्या शोधपत्रकारांनी मोजदाद केली तेव्हा १२० पैकी ४१ काउंट्यांत जेलर होते पण तुरुंग नव्हता, आणि त्यांच्यावर वर्षाला सुमारे २० लाख डॉलर खर्च होत होते. त्या वेळी राज्यभर जी चर्चा झाली ती "बसून पगार खाणारे" या दोन-तीन शब्दांत अडकली. काही ठिकाणी ते खरेही असेल. पण त्या चर्चेत एक गोष्ट निसटली, आणि माझे सगळे म्हणणे त्या एका गोष्टीबद्दल आहे.

तुरुंग बंद झाला म्हणून आरोपी संपले नाहीत. आमचे आरोपी आता डोंगरापलीकडच्या काउंटीच्या तुरुंगात, दर दिवसाचे भाडे देऊन ठेवले जातात. न्यायालय मात्र इथेच आहे. त्यामुळे प्रत्येक तारखेला कोणीतरी तिकडे जाऊन त्यांना आणायचे, न्यायाधीश बोलावतील तोवर त्यांच्यापाशी थांबायचे, कामकाज चालू असताना पहारा द्यायचा आणि संध्याकाळी परत नेऊन सोडायचे. तुरुंग नसलेल्या काउंटीतल्या जेलरचे खरे काम हे आहे. १९७५ च्या घटनादुरुस्तीनंतर राज्यातली न्यायालये एका व्यवस्थेखाली आली आणि त्यांचा खर्च राज्य उचलते. तुरुंग काउंटीचा. या दोहोंमधला रस्ता कोणाच्याच हिशेबात नीट धरलेला नाही, आणि त्या रस्त्यावर रोज माणसे धावत आहेत.

माझी पहिली तक्रार कामाच्या यादीबद्दल आहे. कायद्याने मला तसा हक्क आहे म्हणून मी आमच्या काउंटीकडे जेलरच्या कर्तव्यांचा कागद मागितला. अर्ध्या पानाचा तो कागद आहे. कैद्यांची ने-आण, न्यायालयाला आवश्यक ते साहाय्य आणि गरजेप्रमाणे इतर कामे, एवढेच त्यावर लिहिले आहे. सर्किट कोर्ट (गंभीर खटल्यांचे) आणि डिस्ट्रिक्ट कोर्ट (लहान प्रकरणांचे) या दोन्हींच्या दिवशी बेलिफ म्हणून, म्हणजे न्यायालयाच्या दालनात पहाऱ्याला, जेलरचा माणूस उभा राहायचा की शेरीफचा, हे त्यात नाही. कैद्याला रुग्णालयात दाखल केले तर रात्रभर खाटेशी कोण बसणार, हेही नाही. दोन न्यायालयांत एकाच वेळी तारीख असेल तर आधी कोठे जायचे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाला, याचा तर विचारच झालेला दिसत नाही. घटनेच्या २२८ व्या कलमाप्रमाणे जेलरसह प्रत्येक अधिकाऱ्याला आजही शपथेवर सांगावे लागते, की आपण प्राणघातक शस्त्राने द्वंद्वयुद्ध केलेले नाही. पदाची शपथ इतकी तपशिलात घेतली जाते, तर पदाचे काम तितक्याच तपशिलात लिहून काढणे अशक्य कसे असेल?

दुसरी तक्रार डेप्युटींच्या मोबदल्याची आहे, आणि ती मला सर्वांत जास्त लागलेली आहे.

काही वर्षांपूर्वी साठीच्या पुढचे एक गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे काही न सांगता लिहिते. खाणीतले काम सुटल्यावर ते डेप्युटी जेलर झाले होते. दोन्ही पाय सुजलेले, मोज्याच्या रबराचा वळ नडगीत बोटभर रुतलेला, रक्तातली साखर यंत्राच्या आकड्यांपलीकडे. इन्सुलिन नियमित घेता का, असे विचारल्यावर ते म्हणाले, घेतो, रोज घेतो. मग त्यांनी गाडीतून बाटली आणून दाखवली. ती कैद्यांच्या व्हॅनच्या समोरच्या खणात ठेवलेली असे. जुलै महिना होता आणि बाटली हाताला कोमट लागत होती. पहाटे साडेतीनला घरून निघायचे, डोंगरापलीकडे छप्पन्न मैल जायचे, बेड्या घालून चार माणसे आणायची, दिवसभर न्यायालयाच्या मागच्या बाकावर बसायचे, पेट्रोलपंपावरचे काहीतरी खायचे, आणि रात्री आठला उलटा प्रवास संपवायचा. त्या सगळ्या वेळेत औषध थंड ठेवण्याची एकही जागा त्यांना नव्हती. गळ्यात बुटाच्या नाडीला बेड्यांची किल्ली होती. तपासताना ती काढा म्हटले तर त्यांनी काढली नाही. हातात घट्ट धरून बसले.

त्यांना फेरीमागे ठरावीक रक्कम मिळे. वाट पाहण्याचे काही नाही. न्यायाधीशांनी प्रकरण दुपारनंतर घेतले काय किंवा पुढची तारीख दिली काय, रक्कम तीच. एकदा बर्फात व्हॅन घसरून तीन तास रस्त्याकडेला अडकली, मागे हातपाय बांधलेली माणसे आणि पुढे हे एकटे, त्या तीन तासांचे मोल शून्य धरले गेले. गेल्या वर्षी त्यांनी काम सोडले. त्यांच्या जागी आलेला तरुण चार महिने टिकला.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून पाहा. अधिकाऱ्यांच्या वेतनावर घटनेने १९४९ साली मर्यादा घातली, काउंटीच्या अधिकाऱ्यांसाठी वर्षाला ७,२०० डॉलर. महागाई वाढली तशी ही मर्यादा जाचक ठरू लागली, तेव्हा १९६२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने डॉलरच्या खरेदी शक्तीप्रमाणे ती वाढवता येते असा निर्णय दिला. इथले लोक त्याला रबरी डॉलर म्हणतात. मला तो निर्णय न्याय्यच वाटतो. १९४९ च्या पगारावर आज कोणी काम करू शकत नाही. पूर्ण तुरुंग चालवणाऱ्या जेलरांचे वेतन आज काउंटीची लोकसंख्या आणि पदावरची वर्षे पाहून ठरवलेल्या तक्त्याप्रमाणे, महागाईशी बांधून दिले जाते. मग माझा प्रश्न असा, की निवडून आलेल्या माणसासाठी जो डॉलर ताणता येतो, तो त्याच्या हाताखाली पहाटे व्हॅन काढणाऱ्या माणसासाठी का ताणता येऊ नये? तक्त्यात लोकसंख्या आहे, वर्षे आहेत. फेऱ्या नाहीत, मैल नाहीत, न्यायालयातले तास नाहीत. आणि तुरुंग नसलेल्या काउंटीत तर तक्ताच लागू नाही. तिथे फिस्कल कोर्ट जो आकडा लिहील तो. त्यामुळे आठवड्याला पाच दिवस न्यायालयाला माणसे पुरवणारा जेलर आणि महिन्याला दोन फेऱ्या करणारा जेलर यांच्या वेतनात त्यांच्या कामाचे प्रतिबिंब सापडेलच असे नाही. काम न करता पैसे घेतले जातात म्हणून करदात्याचे नुकसान होते, आणि काम करूनही पैसे मिळत नाहीत म्हणून डेप्युटीचे. दोन्हींचे मूळ त्या अर्ध्या पानाच्या कागदात आहे.

तिसरी तक्रार आरोपींच्या वतीने करते, कारण त्यांच्या वतीने फिस्कल कोर्टात कोणी उभे राहत नाही. २०२३ मध्ये मला ज्युरी म्हणून बोलावणे आले होते. नऊ वाजता न्यायाधीश आसनावर बसले, वकील आले, साक्षीदार आले, आम्ही बारा जण शेजारच्या खोलीत बसलो. आरोपी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी आला, कारण काउंटीची एकुलती एक व्हॅन त्या सकाळी दुसऱ्या कैद्याला दुसऱ्या काउंटीच्या न्यायालयात पोहोचवायला गेली होती. त्या अडीच तासांहून अधिक वेळात एका साक्षीदार बाईंचा कारखान्यातला दिवसाचा पगार बुडाला. ज्याचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे, ज्याला आपण मराठीत कच्चा कैदी म्हणतो, त्याला गाडी नाही म्हणून पुढची तारीख मिळणे याचा अर्थ आणखी काही आठवडे कोठडी, हे मी वेगळे सांगायला नको. घटनेच्या ११ व्या कलमात त्वरित खटल्याचा हक्क लिहिलेला आहे. सांगलीला लहानपणी पोलिसांची कैदी पार्टी पाहिलेली मला आठवते; तुरुंगाचे शिपाई तुरुंग सांभाळत आणि न्यायालयात नेण्याचे काम या वेगळ्या तुकडीचे असे. तिथेही अडचणी पुष्कळ आहेत, पण ते काम कोणाचे, हा प्रश्न मी तिथे कधी ऐकला नाही.

याच तक्रारीत एक गोष्ट अशी आहे की जी बाहेर फारशी कोणाला माहीत नाही. न्यायाधीशांनी सुटका केली तरी माणूस तिथून घरी जात नाही. त्याचे कपडे, पाकीट, फोन पलीकडच्या तुरुंगात असतात, त्यामुळे त्याला पुन्हा व्हॅनमध्ये बसून छप्पन्न मैल जावे लागते, आणि कागदपत्रे पुरी झाल्यावर त्याला तुरुंगाच्या दारात सोडले जाते. परत आणण्याचे काम कोणाच्याही यादीत नाही. या भागात बस नाही. एका फेब्रुवारीत रात्री साडेनऊला रुग्णालयातून घरी येताना मला महामार्गाच्या कडेने पातळ जाकिटात चालणारा एक तरुण दिसला. मी त्याला लहान असताना लसी टोचल्या होत्या. दुपारी दोनला तो निर्दोष सुटला होता. गाडीत बसल्यावर बराच वेळ त्याला बोटे वाकवता येत नव्हती.

चौथी तक्रार थोडक्यात. किती फेऱ्या झाल्या, किती मैल, किती तास न्यायालयात, किती जण उशिरा पोहोचले, याचा महिन्याचा तक्ता नागरिकाला सहज पाहता आला पाहिजे. मला तो चार अर्ज करून, तुकड्यातुकड्यांत मिळाला, आणि त्यात मैल होते पण तास नव्हते.

पद घटनेत आहे, आमचे हात बांधलेले आहेत, असे उत्तर मला वारंवार मिळते. ते पुरते खरे नाही. पद घटनेत आहे, पण त्या पदाचे काम आणि डेप्युटीचा दर घटनेत नाहीत. ते तुमच्या हातात आहेत. शिवाय त्याच घटनेचे १०५ वे कलम विधिमंडळाला कोणत्याही काउंटीत जेलर आणि शेरीफ ही पदे एकत्र करण्याचा अधिकार देते, आणि तसे केल्यास शेरीफने जेलरचे काम करावे असेही सांगते. त्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही. प्रत्येक काउंटीत हे करा असे मी म्हणत नाही. आमच्या काउंटीत तर जेलरचे स्वतंत्र पद हवेच, कारण शेरीफची माणसे आधीच अपुरी आहेत. पण जिथे वर्षभराचा तक्ता पाहून खरोखरच काम उरलेले नाही असे दिसेल, तिथे हे कलम वापरायला काय हरकत आहे, ते जनतेला सांगावे.

आता मागण्या. निवडून येणाऱ्या काउंटी अधिकाऱ्यांचे वेतन निवडणुकीच्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्या सोमवारपर्यंत ठरवावे लागते, आणि एकदा कार्यकाळ सुरू झाला की महागाईचा भाग सोडून ते बदलता येत नाही. यंदा तो सोमवार ४ मे रोजी आहे. तो चुकला तर पुढची चार वर्षे गेली. म्हणून फिस्कल कोर्टांना माझी विनंती आहे, की झालेले ठराव ४ मेच्या आत पुन्हा चर्चेला घ्यावेत आणि वेतनाच्या आकड्यासोबत जेलरच्या न्यायालयीन कामाची पूर्ण यादी मंजूर करावी: कोणत्या न्यायालयात कोणत्या दिवशी किती माणसे, बेलिफ कोणाचा, रुग्णालयातला पहारा कोणाचा, आणि दोन तारखा एकाच वेळी आल्यास निर्णय कोणाचा. डेप्युटीला फेरीमागे न देता तासावर मोबदला द्यावा, आणि तास व्हॅन आवारातून निघाल्यापासून ती परत आवारात लागेपर्यंतचे धरावेत, वाट पाहण्याच्या वेळेसह. कैदी असताना व्हॅनमध्ये एकटा डेप्युटी पाठवू नये. व्हॅनमध्ये औषधासाठी थंड पेटी ठेवावी; तिची किंमत एका फेरीच्या पेट्रोलपेक्षा जास्त नाही. न्यायालयातून सुटलेल्या माणसाला त्याच दिवशी त्याच्या काउंटीत परत आणून सोडण्याचे काम यादीत लिहावे. महिन्याचा तक्ता काउंटीच्या संकेतस्थळावर आणि न्यायालयाच्या फलकावर लावावा.

विधिमंडळाला माझी मागणी अशी, की न्यायालये राज्याची आहेत, तेव्हा तुरुंग नसलेल्या काउंटीतल्या आरोपीला न्यायालयापर्यंत आणण्याचा खर्च राज्याने उचलावा, आणि या कामासाठी डेप्युटीचा किमान तासाचा दर कायद्यात लिहून तो निवडून आलेल्यांच्या वेतनाप्रमाणेच दरवर्षी महागाईशी बांधावा. गरीब काउंटीने तुरुंग चालवता येत नाही म्हणून तो बंद केला. तिलाच सर्वांत लांबचा रस्ता आणि त्याचा सगळा खर्च द्यावा लागणे हा तिच्यावर दुहेरी भार आहे.

आमच्या फिस्कल कोर्टाची पुढची बैठक मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी सहाला आहे. हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा असे लेखी निवेदन मी कालच दिले असून त्याची पोच माझ्याजवळ आहे. ज्यांनी काम सोडले ते डेप्युटी गृहस्थ माझ्यासोबत येणार आहेत आणि त्यांच्या तासांची वही आणणार आहेत. ती सदस्यांनी वाचून पाहावी.

आपली नम्र,
एक निवृत्त डॉक्टर, करदाती आणि मतदार
पूर्व केंटकी, फेब्रुवारी २०२६